जाळं टाकण्यापूर्वी

उत्तरायण आलं की मांज्यात अडकलेलं कबुतर सोडवायला आपल्या बडोद्यात गल्लीतली सगळी पोरं धावतात. 10 ते 20 जानेवारी सरकारचं करुणा अभियानही चालतं. मग एप्रिल येतो, अंगणातला आंबा कैऱ्यांनी लगडतो, चिकू भरतात, आणि त्याच घरांतून झाडावर बारीक नायलॉनचं जाळं पांघरलं जातं. अडकलेल्या पंखाला मांजा काय नि जाळं काय, सारखंच. बुलबुल, खार, धामण, रात्री येणारं वटवाघूळ, कोणीही त्यात गुरफटतं आणि आपल्याला कळतं ते सकाळी.

फळं राखू नयेत असं नाही. वर्षभर पाणी आपण घातलेलं असतं. पण जाळ्याच्या आधी करून पाहण्यासारखं बरंच आहे.

सगळ्यात जास्त शिव्या खातं ते वटवाघूळ. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळं खाणारी वटवाघळं उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. 2022च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. ज्या वडावरून आपल्या शहराला नाव मिळालं, त्याच्या बिया लांबवर पोचवणाऱ्यांत हेही आहे. त्याचा डोळा असतो तो पिकलेल्या फळावर, आणि इथेच आपली सोय आहे. आंबा, चिकू, सीताफळ झाडावरच पिकायला हवीत असं कुठे आहे? आंब्याचे खांदे भरले की उतरवा आणि आजीला विचारून अढी घाला. सीताफळाचे डोळे उघडून मधल्या रेघा पिवळट दिसल्या की तोडा. चिकूची साल नखाने हलकीच खरवडा: खाली हिरवं असेल तर थांबा, पिवळसर असेल तर काढा.

जामफळाचं तसं नाही. (पुण्याच्या पाहुण्यांसाठी: पेरूचं.) ते झाडावर पिकण्यातच मजा, शिवाय पोपट कच्चंही सोडत नाहीत. फळ लिंबाएवढं झालं की त्याला जुन्या मलमलीची किंवा कागदाची पिशवी बांधा. फळमाशीही लांब राहते. हाताला येतील तेवढीच बांधा. शेंड्यावरची पोपट-खारींना जाऊ द्यात. तिथवर चढायचं कोणी?

पोपटाने टोचलेला पेरू गोड, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. पण रात्री नेमकं कोणी टोचलं हे सकाळी सांगता येत नाही. निपाहचा विषाणू वटवाघळाच्या लाळेतून फळावर येऊ शकतो. 2018मध्ये केरळात साथ आली तेव्हापासून हा सल्ला वारंवार दिला जातो: चावा घेतलेलं फळ खायचं नाही, चांगला भाग कापून घेऊनही नाही, बाकीची फळं नीट धुवून, सोलून खायची. घरात यावरून वाद होईल. होऊ द्या, पण एवढं पाळाच.

वांदरांपुढे पिशवीही टिकत नाही आणि जाळंही. टोळी आली की फळांबरोबर कोवळा पालाही जातो. त्यांना हौसेने केळी घालणारं घर शेजारी असेल, तर तुमचं झाड त्यांच्या रोजच्या वाटेवर आलंच म्हणून समजा. शेजाऱ्यांशी गोडीत बोलणं, यापलीकडे मला तरी उपाय माहीत नाही.

एवढं करूनही जाळं लावायचंच असेल, तर विकत घेताना भोकात करंगळी घालून पाहा. करंगळी गेली तर ते नको. पांढरं, जाड विणीचं घ्या, बांबूच्या चौकटीवर ताणून बांधा. सैल लोंबणारं जाळंच जीव घेतं. खालची कड जमिनीवर लोळू देऊ नका, सकाळ-संध्याकाळ नजर टाका आणि फळं संपली की त्याच दिवशी काढून घडी घाला.

तरीही काही अडकलंच, तर ओढाताण करू नका आणि वटवाघळाला उघड्या हाताने शिवू नका. 1962वर करुणा ॲम्ब्युलन्सला किंवा वनखात्याला फोन करा. जानेवारीत हा नंबर फ्रिजवर चिकटवलेला असेल, तर तो आंबे संपेपर्यंत तसाच राहू द्या.