अठ्ठावीस दिवसांचा महिना

मेट्रिक वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला आणि दोन वर्षांनी शेर-मणांच्या जागी किलोग्रॅम येऊ लागले, तेव्हा बाजारपेठांतून बरीच कुरकुर झाली. कायद्यामागील तत्त्व मात्र साधे होते: माप विकणाऱ्याने ठरवावयाचे नसते. मोबाईल फोनच्या व्यवहारात हे तत्त्व उरले आहे काय?

जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढविले. जिओची रोज दीड जीबीची योजना २३९ रुपयांवरून २९९ वर गेली. ग्राहक या रकमेस बारांनी गुणून वर्षाचा खर्च ३,५८८ रुपये धरतो. परंतु योजनेची मुदत २८ दिवसांची असल्यामुळे वर्षात तेरा हप्ते पडतात आणि खर्च ३,८८७ रुपये होतो. तेराव्या महिन्याचा पगार मात्र त्याला कोणी देत नाही! दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच ट्रायने, तीस दिवसांची निदान एक योजना ठेवण्याचे बंधन २०२२ मध्ये घातले. जाहिरातीत ती शोधावी लागते, एवढेच.

फोनच्या पेटीवर ‘फाइव्ह-जी’ ही अक्षरे ठळक असतात. त्या वैशिष्ट्याची किंमत खरेदीच्या वेळीच वसूल झालेली असते. तथापि त्याच दरवाढीबरोबर अमर्याद फाइव्ह-जी हे रोज २ जीबी वा अधिक डेटाच्या योजनांपुरते राखण्यात आले, म्हणजे तेच वैशिष्ट्य वापरण्यासाठी पुन्हा वरची पायरी चढणे आले. न वापरलेला रोजचा डेटा मध्यरात्री बुडतो, हे वेगळेच. ज्यांस केवळ बोलावयाचे आहे त्यांच्यासाठी डेटाविरहित योजना द्या, असे ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये बजावले. जानेवारीत त्या आल्या, पण ८४ दिवसांच्या किंवा वर्षभराच्या. मजुराने एकदम चारशेहून अधिक रुपये काढावयाचे कोठून?

परंतु खरी मेख स्थळाच्या मापात आहे आणि ती महाबळेश्वरास जितकी जाणवते तितकी पुण्यास जाणवणार नाही. मुंबई वगळता महाराष्ट्र आणि गोवा हे एकच दूरसंचार मंडल आहे व दरही सर्वत्र तोच. डेक्कनवर राहणारा जे देतो तेच तापोळ्याचा शेतकरी देतो. महाबळेश्वरच्या बाजारपेठेतून खाली शिवसागर जलाशयाकडे उतरावे, पलीकडे कांदाटी खोऱ्यात जावे, म्हणजे फोन हातात उंच धरून टेकाडावर उभी असलेली माणसे भेटतात. डोंगरात मनोरा उभारणे खर्चाचे आणि गिऱ्हाईक थोडे, ही कंपन्यांची अडचण आम्हांस मान्य आहे. १९९५ साली मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत पडणारे संभाषण आज इतके स्वस्त झाले, याचेही श्रेय त्यांस दिले पाहिजे. पण न मिळालेल्या सेवेचे पैसे घेण्यास हे समर्थन पुरत नाही.

ट्रायच्या २०२४ च्या नियमांनी भरपाईची सोय केली आहे. एखाद्या जिल्ह्यात सेवा चोवीस तासांहून अधिक खंडित राहिल्यास प्रीपेड ग्राहकास मुदतवाढ मिळावयाची आहे. येथे माप ठरले जिल्हा! सातारा, कराड, फलटण सुरळीत चालू असता एक खोरे आठवडाभर मुके राहिले तरी जिल्हा बंद पडला असे कोण म्हणणार? शिवाय नैसर्गिक आपत्तीमुळे आलेला खंड या नियमातून वगळलेला आहे. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरी चोवीस तासांत ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला आणि घाटरस्ते खचले. नेमकी जेव्हा फोनची निकड असते, तेव्हाच भरपाईचा हक्क निजलेला असावा, ही तरतूद आम्हांस पटत नाही.

सेवा कोठे पोहोचते याचे नकाशे कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळावर द्यावयाचे आहेत. ज्याच्या गावी इंटरनेटच नाही त्याने ते पाहावे कोठे, हे नियमकर्त्यांस सुचले नसावे. हे नकाशे गावनिहाय छापून रिचार्जच्या दुकानात लावण्याची सक्ती करावी आणि भरपाईचा हिशेब जिल्ह्याऐवजी मनोऱ्यावर बसवावा. कोणता मनोरा किती तास बंद होता, याची नोंद कंपन्यांपाशी असतेच.