विहिरीत ढकलण्याचं शास्त्र

तरुण पोरांना वाहन चालवण्याचं रीतसर शिक्षण सक्तीचं करा, असं कुणी म्हटलं की सभागृहात एक गृहस्थ हमखास उठतात. सेवानिवृत्त, वाचन चांगलं, आवाज त्याहून चांगला. त्यांचं म्हणणं असं: गाडी शिकवून येत नाही, रस्ताच शिकवतो. विहिरीत ढकललं की पोरगं आपोआप हातपाय मारतं. ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे आरटीओच्या दारातली दलाली. अपघात खड्ड्यांमुळे होतात. परदेशात तर सिद्धच झालंय की प्रशिक्षणाचा काडीचा उपयोग नाही. शिवाय गरिबाच्या पोराने फी आणायची कुठून? आणि शेवटी हुकमाचा एक्का: आम्हाला कोणी शिकवलं होतं?

टाळ्या पडतात. त्या टाळ्यांत, पोराला बारावीनंतर लगेच बाइक घेऊन दिलेले बापही असतात.

किरकोळ मुद्दे आधी उरकतो. लाखाची दुचाकी हप्त्यांवर घेणाऱ्या घराला ती चालवायला शिकण्याचे चार पैसे जड जातात, हे गणित मला सुटत नाही. खड्डे आहेतच, म्हणून तर ते लांबून हेरायला शिकवायचं. दलालीचं पुढे बोलतो.

पण ती विहीर मला सोडवत नाही. पोराला विहिरीत ढकलायचे, खरं. पण त्याच्या पाठीला भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधलेला असायचा. मामा आधीच पाण्यात उतरलेला असायचा आणि काठावर कुणीतरी दोर धरून उभा असायचा. म्हणजे साधन होतं, शिक्षक होता, देखरेख होती. गृहस्थ ज्याला प्रशिक्षणाचा अभाव म्हणतात, ते गावाने चालवलेलं चांगलं प्रशिक्षण केंद्रच होतं. दुसरं असं की पाणी प्रामाणिक असतं. चुकलात की त्याच क्षणी नाकात जातं.

रस्ता तसा नाही. रस्ता चुकीला शाबासकी देतो. थांब्यावर उभ्या एसटीच्या डाव्या अंगाने, उतरणाऱ्या प्रवाशांमधून पोरगा सुर्रकन निघून जातो. काही होत नाही. उद्या पुन्हा जातो, परवाही जातो. रस्त्याने त्याला शिकवलेलं असतं की हे चालतं. घाट उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करतो, कुणी शहाणा तर इंजिनच बंद करतो. काही होत नाही. इंजिनाचा अवरोध गेला की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापून निकामी होऊ शकतात, आणि मोटारीचं इंजिन बंद असेल तर ब्रेक दाबायला मिळणारी मदतही दोन-चार दाबांत संपते. हे ज्या दिवशी कळतं, त्या दिवशी समोर वळण असतं. पुढचा ब्रेक लावला की माणूस डोक्यावर पडतो, ही समजूत तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ब्रेक लावताना वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे गाडी थांबवण्याचं मोठं काम तेच चाक करतं. १ एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सीसीच्या खालच्या दुचाक्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय आणि त्यावरच्यांना एबीएस सरकारने सक्तीचं केलं. पोरगा मात्र अजून उजवा पाय दाबून घसरत जातो, कारण त्याला शिकवणाऱ्या थोरल्या भावाला कुणी शिकवलंच नव्हतं.

वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर गाडी सुमारे चौपट अंतर घेते. साठच्या वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर कापते, म्हणजे ब्रेककडे हात जाईपर्यंतच बसची दीड लांबी गेली. हे अनुभवाने कुणाला कळलंय? उसाच्या हंगामात रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अंधारात उभी असते, ट्रकने उजवा इंडिकेटर दिला म्हणजे तो वळतोय की पुढे जा म्हणतोय याचा भरवसा नसतो, पहिल्या पावसात रस्त्यावरचं ऑइल वर येतं. यातली प्रत्येक गोष्ट दहा मिनिटांत सांगता येते. रस्त्याकडून शिकायची तर तिची फी वेगळी आहे. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली सुमारे दोन तृतीयांश अठरा ते पंचेचाळीस वयाची, आणि दर शंभरांत चव्वेचाळीसहून जास्त दुचाकीवरची. हीच ती रस्त्याची शाळा. तिथे नापास झालेले आम्हाला कोणी शिकवलं होतं असं विचारायला सभेत येत नाहीत.

आता परदेशी संशोधन. गृहस्थांनी ते अर्धंच वाचलं आहे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या डीकॅल्ब काउंटीत मोठा प्रयोग झाला, आणि असे शालेय अभ्यासक्रम तपासणाऱ्यांना अपघात घटल्याचा पुरावा सापडला नाही, हे खरं. पण का? कोर्स झाला की पोरं लवकर परवाना काढत आणि लवकर रस्त्यावर येत. नॉर्वेत निसरड्या रस्त्यावर गाडी सावरायला शिकवलं, तर तरुण मुलगे जास्त घसरायला लागले. आपल्याला येतं, हा माज आला. म्हणजे हातचलाखी शिकवू नका, तारतम्य शिकवा, एवढंच यातून निघतं. शेजारच्या स्वीडनने १९९३ मध्ये मोठ्यांच्या देखरेखीखाली सराव करण्याचं वय सोळावर आणलं. ज्यांनी त्या जादा सरावाचा खरोखर फायदा घेतला, त्यांचे अपघात लक्षणीय घटले. पानाची ही बाजू गृहस्थांनी उलटलेली दिसत नाही.

हेच गृहस्थ, किंवा त्यांचे जुळे भाऊ, हेल्मेटच्या वेळीही होते. केस गळतात, मान दुखते, ऐकू येत नाही, पुण्यात एवढा वेग असतोच कुठे, ही सगळी शास्त्रं तेव्हा ऐकून झाली. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरात अल्पवयीन चालकाच्या मोटारीच्या धडकेने दोघांचा जीव गेला आणि जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध आला, तेव्हा मात्र सगळे एका सुरात संतापले. संताप योग्यच. पण सोसायटीच्या गेटातून रोज क्लासला जाणाऱ्या स्कूटरवरच्या सोळा वर्षांच्या मुलीबद्दल त्यांतले कितीजण बोलले? विनागिअरला सोळा चालतं की, असं सांगतात. कायद्यात ती सवलत पन्नास सीसीपर्यंतच्या गाडीला आहे, आणि घराघरांतल्या स्कूटर शंभरच्या वर आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा पोराच्या गुन्ह्यासाठी पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पालकांनाही शिकवणी लागेल, ती अशी.

राहिली दलाली. ड्रायव्हिंग स्कूलवाल्याच्या पायाखाली दुसरा क्लच-ब्रेक असतो. खरी गाडी तो चालवतो, शिकणारा स्टिअरिंग धरतो. दुचाकीला तर शाळाच दुर्मीळ. शिकाऊ परवान्याची परीक्षा घरबसल्या संगणकावर देता येते, आणि ती नक्की कोण देतं ते घराला ठाऊक. तीस दिवसांनी मैदानात आठ काढला की पक्का परवाना. हे सगळं वाईट आहे, गृहस्थांचं बरोबर. मात्र या अर्धवट शिक्षणावर उपाय म्हणून ते अजिबात न शिकवणं सुचवतात.

करायचं काय? फार मोठं नाही. २०२१ च्या नियमांनी मान्यताप्राप्त केंद्रांत हलक्या वाहनासाठी एकोणतीस तासांचा अभ्यासक्रम घातला, त्यांतले आठ वर्गातले. तसा दुचाकीचा वर्ग अकरावी-बारावीला कॉलेजातच ठेवावा. शिकाऊ परवान्याचे तीस दिवस सहा महिन्यांवर न्यावेत. ब्रिटनमध्ये २००२ पासून चित्रफीत दाखवून, धोका कुठे जन्मतोय ते उमेदवाराला वेळेत ओळखायला लावतात; तशी परीक्षा आपल्या रस्त्यांच्या चित्रफिती काढून घ्यावी, सामग्रीला तोटा नाही. शिकवायला माणसं कुठली, असा प्रश्न येईल. एसटीतून विनाअपघात सेवा करून निवृत्त झालेले चालक जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर, हे ते एका वाक्यात सांगतील, आणि पोरगं ऐकेलही. सुरुवातीला तालुक्याला एक वर्ग, रविवारी सकाळी, बाजार समितीच्या मोकळ्या आवारात. जागा फुकट मिळेल, कोनही मागून आणता येतील.