भेग, झरा आणि गांवची वही

नांदेड व लातूर ह्या जिल्ह्यांत कोळसा निघत नाहीं; मग खाणीवरील जमिनीच्या भेगांचा विषय ह्या मासिकांत कशाला, असें कांहीं वाचक विचारतील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, ज्यांच्या शेताखालीं खाणी आहेत त्यांच्याकडे जमिनीवर नजर ठेवण्याची एक रीत आहे, व तिची गरज आपणांसही तितकीच आहे.

चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांत वर्धा नदीच्या खोऱ्यांत कोळशाच्या भुयारी खाणी आहेत. कोळसा काढतांना छत तोलण्यासाठीं कोळशाचेच खांब राखतात. पुढें ते खांबही काढले म्हणजे छत कोसळतें व वरची जमीन परातीप्रमाणें खचते. परातीच्या कांठाशीं जमीन ताणली जाऊन भेगा पडतात, आणि त्या वाटेनें विहिरींचें व ओढ्यांचें पाणी खालीं उतरतें. काम बंद पडून वर्षें लोटलीं म्हणजे धोका टळलाच असें नाहीं. ऑगस्ट २०२२ मध्यें घुग्गुस येथें जुन्या भुयारी कामावरील वस्तींत एक राहतें घर पाहतां पाहतां जमिनींत गडप झालें. सुदैवानें प्राणहानि झाली नाहीं.

अशा जमिनीची पाहणी करण्याची रीत साधी आहे. भेगेच्या दोन्ही कांठांस एकेक खुंटी ठोकून त्यांमधील अंतर ठराविक दिवशीं मोजावयाचें; झऱ्याखालीं मापाची बादली धरून ती भरण्यास किती वेळ लागतो तें टिपावयाचें; विहिरीच्या कठड्यावर एक कायम खूण करून तेथून पाण्यापर्यंतची खोली घ्यावयाची. ह्यापुढें समपातळी यंत्राचें काम लागतें, तें जाणत्यांनीं करावें.

आतां आपल्याकडे पाहूं. १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत किल्लारीच्या परिसरांत धक्के बसले. लोक घराबाहेर निजले, पुढें धक्के थांबले व लोक घरांत परतले. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जन आटोपून गांवें निजलेलीं असतां, पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला आणि लातूर व तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारें दहा हजार माणसें दगावलीं. किल्लारीजवळ शेतांतून जमीन फाटून एक बाजू वर उचलली गेली. पुढें शास्त्रज्ञांनीं तेथें ६१७ मीटर खोल छिद्र घेतलें, तेव्हां काळ्या कातळाचे थर ३३८ मीटरांवर संपून खालीं निराळाच प्राचीन खडक लागला. २१ मार्च व १० जुलै २०२४ रोजीं हिंगोली जिल्ह्यांत उगम पावलेले ४.५ शक्तीचे धक्के नांदेडासही जाणवले. तेव्हां विषय जुना झाला असें म्हणतां येत नाहीं.

भूकंपाच्या वेळीं आम्ही महसूल खात्यांत नवे कारकून होतों. १९९४ च्या उन्हाळ्यांत एका गांवीं पंचनाम्यास गेलों असतां एका शेतकऱ्यानें बांधावरील भेग दाखवून ती भूकंपाची असल्याचें सांगितलें; अशी भेग दरसाल पडते, असें शेजारी म्हणाला. दोघेही सज्जन, परंतु तारीख, माप, खूण कोणाजवळच नव्हती. आम्हीं कागदावर ‘भेग आढळली’ एवढे दोन शब्द लिहिले, आणि विहिरीचें पाणी उतरल्याबद्दलचा त्याचा अर्ज त्या दोन शब्दांखालीं पुरला गेला. ती लाज आम्हांस अद्याप वाटते.

काळी जमीन उन्हाळ्यांत आकसून जाळीसारखी भेगाळते व पावसानें फुगून मिटते. तिचें भय नको. परंतु जी भेग सरळ रेषेंत बांध, रस्ता वा विहिरीचें बांधकाम कापीत जाते, जिचा एक कांठ दुसऱ्याहून खालीं बसतो, व जी चांगला पाऊस होऊनही बुजत नाहीं, ती वहींत गेलीच पाहिजे. पाण्याचेंही तसेंच. शेजारच्या विंधन विहिरीच्या उपशानेंही झरा आटतो. म्हणून उपसा व पाऊस ह्यांची नोंद शेजारीं नसेल तर नुसत्या खोलीच्या आंकड्यास अर्थ नाहीं.

ह्या वहीनें भूकंप आधीं कळेल काय? नाहीं. दिवस व घटका सांगण्याची विद्या आज कोणाजवळही नाहीं, आणि जो ती असल्याचें सांगेल त्यास गांवानें थारा देऊं नये. दगडमातीच्या भिंती व माळवदाचा भार ह्यांनींच १९९३ मध्यें माणसें चिरडलीं. त्यावर उपाय भक्कम घर हाच आहे, वही नव्हे. वहीचें काम निराळें. जमिनीखालीं गडगडाट झाला कीं अफवा उठते, आणि अधिकारी आले कीं ‘काळ्या जमिनीची भेग’ म्हणून परत जातात. ह्या दोहोंस उत्तर एकच: मागील पांच वर्षांचीं मापें पुढें ठेवणें.

आमची सूचना अशी. आपल्या मंडळाच्या प्रत्येक शाखेनें एक वही घालावी. दोन विहिरी, असल्यास एक झरा, व संशयित भेगा निवडून दर अमावास्येस मापें घ्यावींत. सर्व्हे नंबर लिहावा व दोघांच्या सह्या घ्याव्यात. वर्षांतून दोनदां नक्कल तहसिलींत देऊन पोंच घ्यावी. खर्च एका वहीचा व दोन खुंट्यांचा.

सरकारी दप्तरांत जन्म घालवून आम्ही एवढेंच शिकलों कीं, लिहिलेलें नसतें तें घडलेलें नसतें. शेतकऱ्याचें खरें म्हणणें ह्या नियमानें पुन्हां बुडूं नये, म्हणून हा लेख.