सामना संपल्यावर घरी जावयाचे कसे?

कोल्हापूरच्या फुटबॉलला शाहू स्टेडियम अपुरे पडते, तेव्हा त्या नगरीस साजेल असे मोठे, नव्या पद्धतीचे क्रीडांगण झाले पाहिजे, ही मागणी तेथील शौकिनांत वारंवार उठत असते. आमचा या मागणीस मनःपूर्वक पाठिंबा आहे. ज्या नगरीत तालीम म्हणजे केवळ कुस्तीचा हौदा नव्हे, तर फुटबॉलचा संघही होय, जेथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींची आणि शिवाजी तरुण मंडळाची नावे लहान पोरांच्या तोंडी असतात, आणि जेथील अनिकेत जाधव 2017 साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, त्या नगरीने मोठ्या क्रीडांगणाची आकांक्षा धरावी यात अवास्तव असे काहीच नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. अशा योजनांची चर्चा निघाली की प्रेक्षक किती बसतील, छत कसे असेल, दिवे किती असतील, यांवर पानेच्या पाने भरतात. ते प्रेक्षक तेथे यावयाचे कसे, आणि मुख्य म्हणजे सामना संपल्यावर घरी जावयाचे कसे, याचे उत्तर मात्र शेवटच्या पानावर, तेही असलेच तर, एका ओळीत सापडते. ‘वाहनतळाची प्रशस्त सोय करण्यात येईल,’ ही ती ओळ होय.

प्रथम या प्रशस्त सोयीचाच हिशेब करू. एक मोटार उभी करावयास, तिच्या ये-जा करण्याच्या वाटेसह, सुमारे पंचवीस चौरस मीटर जागा लागते. हजार मोटारींना पंचवीस हजार चौरस मीटर, म्हणजे सहा एकरांहून थोडी अधिक. फुटबॉलचे प्रत्यक्ष मैदान पावणेदोन एकरांचे असते. म्हणजे साडेतीन मैदाने मोटारींखाली घातली तेव्हा कोठे हजार मोटारी उभ्या राहणार, आणि एका मोटारीत चार माणसे धरली तरी त्यांतून उतरणार चारच हजार! तीस हजारांचे क्रीडांगण असेल तर उरलेल्या सव्वीस हजारांनी काय करावे? या हिशेबास अभियंत्याची गरज नाही. चौथीतला मुलगा तो पाटीवर मांडून दाखवील.

आज शाहू स्टेडियमचे सर्वांत मोठे वैभव कोणते, असे कोणी आम्हांस विचारले, तर ‘ते गावात आहे’ असे आम्ही उत्तर देऊ. मंगळवार पेठेतला, शिवाजी पेठेतला प्रेक्षक तेथे पायी जातो. जेवून, पान खाऊन, खांद्यावर आपल्या मंडळाचा झेंडा टाकून तो निघतो. वाटेत दहा जण त्याला मिळतात, आणि मैदानावर पोचेपर्यंत त्या दहांचे शंभर झालेले असतात. सामना संपला की तीच गर्दी चारी वाटांनी गल्लीबोळांत विरून जाते. राजर्षी शाहू महाराजांनी 1912 साली खासबागचे कुस्ती मैदान बांधले, तेही गावातच. शेजारीच नाट्यगृह. विरंगुळ्याची स्थळे माणसाच्या पायांच्या आवाक्यात असावीत, हे शहाणपण त्या काळी होते. आज मात्र मोठी जागा म्हटली की शहराबाहेरच्या गायरानाकडे बोट दाखविले जाते. जमीन तेथे स्वस्त पडते, हे खरे. परंतु सरकारचे जे पैसे वाचतात ते प्रेक्षकाच्या खिशातून दर सामन्याला थोडे थोडे वसूल होत राहतात, याचा ताळेबंद कोणी मांडीत नाही.

येथे आमचा स्वार्थ आम्ही लपवीत नाही. क्रीडांगण पुणे-बंगळूर महामार्गालगत गेले, तर निपाणीच्या माणसाला ते अधिक सोयीचे होईल. निपाणी कोल्हापुरापासून चाळीस किलोमीटर. महामार्गावर उतरले की समोर मैदान. पण निपाणीकराच्या सोयीसाठी शिवाजी पेठेतल्या माणसाचे पायी जाणे बंद पाडावे, असे निपाणीकरही म्हणणार नाही. कारण तो जे पाहावयास जातो ते पेठेचेच फुटबॉल होय. पेठच मैदानावर पोचली नाही, तर अकरा विरुद्ध अकरा खेळाडू दूरचित्रवाणीवरही दिसतात. म्हणून गावात अथवा गावाच्या कडेला, चालत जाता येईल अशी जागा मिळते का, हे प्रथम पाहावे. न मिळाल्यास बाहेर जावे. मात्र मग पेठापेठांतून के.एम.टी.च्या गाड्या सुटल्या पाहिजेत आणि त्यांचे भाडे सामन्याच्या तिकिटातच धरले पाहिजे. जर्मनीत अनेक शहरांत सामन्याचे तिकीट हेच त्या दिवसाचे स्थानिक बसचे व रेल्वेचे तिकीट असते. त्यात क्लबाचे नुकसान होत नाही, वाहतूक खात्याचे होत नाही, आणि प्रेक्षकाला मोटारसायकल काढण्याचे कारण उरत नाही.

क्रीडांगण आधी आणि रस्ता मागाहून, या उलट्या क्रमाचा अनुभव आपल्याच देशात आहे. कलकत्त्याचे सॉल्ट लेक स्टेडियम 1984 साली उघडले. तेथे 1997 च्या जुलैत फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्याला, मोहन बागान आणि ईस्ट बंगाल समोरासमोर असताना, एक लाख एकतीस हजारांहून अधिक प्रेक्षक जमले होते. या अवाढव्य क्रीडांगणाच्या नावाचे मेट्रो स्थानक उघडले ते 2020 च्या फेब्रुवारीत, म्हणजे छत्तीस वर्षांनी. तेही आरंभी एका तुकड्यापुरतेच. गंगेपलीकडच्या हावड्यापासून अखंड गाडी धावू लागण्यास 2025 चा ऑगस्ट उजाडला. मधल्या काळात एक पिढी म्हातारी झाली. एवढी गर्दी बस, मिनिबस, लॉरी आणि स्वतःचे पाय यांच्या आधारे ये-जा करीत राहिली. हा बंगाली प्रेक्षकाच्या निष्ठेचा पुरावा आहे, नियोजनाचा नव्हे.

विलायतेत, जेथे हा खेळ जन्मला, तेथेही सर्व आलबेल आहे असे समजू नये. लिव्हरपूल येथील एव्हर्टन क्लबाने 1892 पासूनचे आपले गुडिसन पार्क सोडून 2025 च्या ऑगस्टपासून नदीकाठच्या जुन्या गोदीत बांधलेल्या नव्या क्रीडांगणात सामने सुरू केले. जागा सुमारे त्रेपन्न हजारांची; आणि पायी जाण्याजोगे सर्वांत जवळचे रेल्वे स्थानक सँडहिल्स, जे इतक्या गर्दीसाठी कधी बांधलेच नव्हते. तेव्हा स्थानकाबाहेर रांगा लावून माणसे हळूहळू फलाटावर सोडावी लागतात. परंतु तेथील एक गोष्ट अनुकरणीय आहे. पहिला खरा सामना होण्याआधी त्यांनी फेब्रुवारीत दहा हजार, मार्चमध्ये पंचवीस हजार अशा चढत्या संख्येने प्रेक्षक बोलावून किरकोळ सामने खेळविले आणि गर्दी येते कशी, अडते कोठे, हे डोळ्यांनी पाहिले. कोल्हापूरच्या भाषेत बोलावयाचे तर त्यांनी क्रीडांगणालाही तालमीत घातले. आपल्याकडे उद्घाटनाच्या दिवशी मंत्री, पुढारी आणि संपूर्ण शहर एकाच वेळी दारात उभे करण्याची प्रथा आहे.

मँचेस्टरची कथा याहून बोलकी आहे. मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाला खेटून रेल्वे जाते. केवळ सामन्याच्या दिवशी उघडणारे एक स्थानक तेथे 1935 पासून होते. प्रेक्षक गाडीतून उतरला की मैदानात. सुरक्षिततेच्या कारणावरून 2017 च्या अखेरीस तेथे गाड्या थांबणे बंद झाले. त्याच क्लबाने 2025 च्या मार्चमध्ये शेजारीच एक लाख प्रेक्षकांचे नवे क्रीडांगण बांधण्याचा मनोदय जाहीर केला आहे. आणि त्या योजनेत मोठी अडचण कोणती आली? तर शेजारचे रेल्वे मालधक्के हलविण्याची! रुळांच्या कुशीत असलेल्या मैदानालाही रुळांचा प्रश्न सोडवल्यावाचून पाऊल टाकता येत नाही. मग जेथे रूळच नाहीत तेथील योजनाकारांनी किती आधी जागे व्हावे?

अर्थात् वाहने भरपूर असली म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. लंडनच्या वेंब्ली क्रीडांगणात 28 एप्रिल 1923 रोजी पहिला अंतिम सामना झाला, तेव्हा आगगाड्यांची सोय उत्तम होती. ती इतकी उत्तम होती की अधिकृत आकडा एक लाख सव्वीस हजारांचा असता, प्रत्यक्षात त्याहून कितीतरी माणसे आत घुसली आणि घोडेस्वार पोलिसांना मैदान मोकळे करावे लागले. सर्व तिकिटे आधी विकली नव्हती. आणि ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर 2 जानेवारी 1971 रोजी सामना संपल्यावर, लोक घरी जावयास निघाले असता, एका जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन सहासष्ट माणसे दगावली. येताना माणसे दोन तासांत विखुरलेली येतात. जाताना सारी एकाच दहा मिनिटांत उठतात. परतीच्या वाटेचा विचार आधी करा, असा आग्रह आम्ही धरतो तो यासाठीच.

आता आमच्या घरच्या प्रश्नाकडे येऊ. बेळगाव, निपाणी, चिकोडी, संकेश्वर येथील मराठी माणसाला कोल्हापूर परके नाही. शिक्षण, दवाखाना, बाजार, सोयरीक आणि अंबाबाईचे दर्शन या सर्वांसाठी त्याची वाट तिकडेच जाते, फुटबॉलसाठीही जाते. बेळगावात हा खेळ लष्करी छावणीच्या आणि शाळांच्या मैदानांवर वाढला, त्यामुळे येथील शौकीन जाणता आहे. पण तो कोल्हापुरास पोचतो कसा? बेळगाव ते कोल्हापूर महामार्गाने सुमारे एकशे दहा किलोमीटर. रेल्वेने जावयाचे तर आधी मिरजेस जाऊन तेथून वळावे लागते, आणि अंतर एकशे ऐंशी किलोमीटरांच्या पुढे जाते. निपाणीस तर आजतागायत रेल्वेच नाही. म्हणजे आधार एकच, बस. आणि ही बस रस्त्यावर धावेल की नाही, हे कधी कधी पाऊसपाण्यावर किंवा पंक्चरवर ठरत नाही. ते राजकारणावर ठरते. 2022 च्या डिसेंबरात सीमाप्रश्न तापला, गाड्यांवर दगड पडले आणि दोन्ही राज्यांची बससेवा खंडित झाली. 2025 च्या फेब्रुवारीत पुन्हा तेच झाले. अशा वेळी कागल आणि कोगनोळी यांच्या दरम्यान दूधगंगेच्या पुलाजवळ एक अदृश्य भिंत उभी राहते. अलीकडे एक गाडी, पलीकडे दुसरी, आणि मधल्या अंतरात हातात पिशवी घेतलेला माणूस पायी चालतो आहे, हे चित्र ज्यांनी पाहिले त्यांस 1956 च्या राज्य पुनर्रचनेने काय केले हे निराळे सांगावे लागत नाही.

सीमाप्रश्नाचा निवाडा व्हावयाचा तेव्हा होईल. महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि आमची बाजू न्यायाची आहे याविषयी आमच्या मनात संदेह नाही. परंतु निवाडा होईपर्यंत सीमाभागातील माणसाने महाराष्ट्राशी आपले नाते कशाने टिकवावयाचे? ठरावांनी आणि मेळाव्यांनी ते टिकते, तसेच ते शनिवारच्या सामन्याला जाऊन रात्री घरी परतण्यानेही टिकते. कोल्हापूरचे क्रीडांगण जर केवळ कोल्हापूरकरांची डोकी मोजून आखले गेले, तर सीमेपलीकडचा प्रेक्षक आपणहून वगळला जाईल; कोणी त्याला ‘येऊ नको’ म्हणणार नाही, पण त्याला परत नेणारी गाडी नसेल. आज बहुतेक सामने दुपारी होतात, म्हणून तो दिवेलागणीनंतर घरी पोचू शकतो. नव्या क्रीडांगणात विजेच्या झोतातील सामने होऊ लागले, आणि रात्री साडेनऊला शिट्टी वाजली, तर निपाणीकराने पाऊण वेळेचा खेळ पाहून उठावे, की बसस्थानकाच्या बाकावर रात्र काढावी?

गोव्याकडे पाहणारेही आमच्यात पुष्कळ आहेत. मडगावास फातोर्ड्याचे स्टेडियम 1989 पासून आहे आणि कदंब बसस्थानक त्याच्या जवळच आहे. एवढी एक गोष्ट तेथे बरी जमली. परंतु बेळगावच्या माणसाला चोर्ला अथवा अनमोडचा घाट रात्री उतरून-चढून यावे लागते, आणि पावसाळ्यात तो बेत न केलेलाच बरा. कोल्हापूरचा रस्ता सरळ आहे, चौपदरी आहे. त्यावर गाडी नसण्यास निसर्गाची सबब चालणार नाही.

म्हणून आमच्या मागण्या अगदी साध्या आहेत. नव्या क्रीडांगणाचा आराखडा होईल तेव्हा महाराष्ट्राची एस. टी. आणि वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळ या दोघांच्या अधिकाऱ्यांना प्रथम एका मेजाशी बसवावे. सामन्याच्या दिवशी निपाणी, संकेश्वर आणि बेळगावकडे सामना संपल्यानंतर सुटणाऱ्या गाड्या वेळापत्रकातच लिहिलेल्या असाव्यात, कोणा पुढाऱ्याच्या दूरध्वनीवर अवलंबून नसाव्यात. क्रीडांगणातील फलकावर गोलसंख्येखाली शेवटच्या गाडीची वेळ दिसावी, आणि ती मराठीत तशीच कन्नडमध्येही असावी. आमचा झगडा कन्नड सक्तीशी आहे. संकेश्वरहून सामना पाहावयास आलेल्या कन्नड बांधवाने गाडी चुकवावी अशी आमची मुळीच इच्छा नाही. तणावाच्या काळातही या गाड्या पोलीस बंदोबस्तात का होईना चालू राहतील, असे आश्वासन दोन्ही सरकारांकडून आधी घ्यावे. दगड पडेपर्यंत वाट पाहून मग बैठक बोलावण्याचा अनुभव पुरेसा झाला आहे.

आणि याला क्रीडांगण उभे राहण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. येत्या हंगामात शाहू स्टेडियमच्या दारावर मोठ्या सामन्याच्या दिवशी चार विद्यार्थी वह्या घेऊन उभे करावेत आणि प्रत्येक प्रेक्षकास तीन प्रश्न विचारावेत: कोठून आलात, कशाने आलात, परत कसे जाणार? पाच-सहा सामन्यांच्या या टिपणांवरून जे कळेल ते कोणत्याही सल्लागार कंपनीच्या जाडजूड अहवालातून कळणार नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागांतील जे वाचक कोल्हापुरास सामन्यांसाठी जातात त्यांनीही आपण कोणती गाडी धरता, तिला किती वेळ लागतो आणि परतताना कोठे अडकता, हे एका पोस्टकार्डावर लिहून आमच्याकडे धाडावे. आलेला सर्व तपशील एकत्र करून आम्ही तो दोन्ही महामंडळांकडे पाठवू आणि त्यांचे उत्तर याच पानावर छापू.