आवाज बाईचा, मालकी कुणाची?

गेल्या वर्षी जत्रांच्या हंगामात मी एका बाईंबरोबर बारामतीतल्या एका मोबाइलच्या दुकानात गेले होते. पेन ड्राइव्हमध्ये गाणी भरून देणारे दुकान. बाई लावणी गातात आणि नाचतातही. वीस वर्षे याच कलेवर घर चालवतात. इंदापूर तालुक्यातल्या एका गावच्या जत्रेतला त्यांचा कार्यक्रम कुणीतरी चित्रित केला होता. इतर गावांतल्या कार्यक्रमांबरोबर जोडून तो ‘जत्रा स्पेशल’ म्हणून विकला जात होता. त्यात त्यांच्या तीन लावण्या होत्या. नाव कुठेही नव्हते. गळ्यातली जागा यायच्या आत गाणे कापलेले आणि कॅमेरा मात्र कमरेवर थांबलेला.

दुकानदार मला म्हणाला, “मॅडम, हजार माणसांपुढं नाचलेलं चालतं, मग शूटिंगनं काय बिघडलं?”

बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “ताई, सुपारी त्या रात्रीची होती. ही कुणी दिली?”

मैत्रिणींनो, सगळा प्रश्न या एका वाक्यात आहे. रंगमंचावर उभे राहणे हा एक व्यवहार आहे. त्याला गाव आहे, तारीख आहे, बिदागी आहे आणि शेवट आहे. तीच कला मुद्रित करून पुन्हा पुन्हा विकणे हा वेगळा व्यवहार आहे. पहिल्याला होकार दिला म्हणजे दुसऱ्यालाही दिला, असे कलावंत बाईच्याच बाबतीत धरून का चालतात?

माझ्या भावाला रॉक संगीताचे वेड. त्याच्या संग्रहात ‘डीप पर्पल’ या इंग्लिश बँडचा ‘मेड इन जपान’ हा अल्बम आहे. १९७२ च्या ऑगस्टमध्ये १५ आणि १६ तारखेला ओसाकाला आणि १७ ला टोकियोला त्यांचे कार्यक्रम झाले. त्या तीन रात्रींच्या ध्वनिमुद्रणांतून निवडलेली सात गाणी या अल्बममध्ये आहेत. कल्पना कंपनीची होती, बँड फारसा राजी नव्हता. मग त्या पाच पुरुषांनी अट घातली: ध्वनिमुद्रक आमचा, मार्टिन बर्च, आणि काय बाहेर जायचे ते आम्ही ठरवणार. कंपनीने ते मान्य केले. आज पन्नास वर्षांनंतरही वेष्टणावर पाचही जणांची नावे आहेत. ती माणसेही हजारोंपुढेच वाजवत होती ना? “लोकांपुढे वाजवता, मग रेकॉर्डिंगला विचारायचे कशाला?” असे त्यांना कुणी म्हटले नाही.

आमच्या बाई काही जगावेगळे मागत नाहीत. कायदाही तेच सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन सादर करणाऱ्या कलावंताचा हक्क मान्य झाला. आज तो सादरीकरणानंतर ५० वर्षे टिकतो. कायद्याच्या व्याख्येत गायक, वादक, नर्तक आहेतच, पण डोंबारी, जादूगार आणि गारुडीही आहेत. म्हणजे हा हक्क फक्त मोठ्या सभागृहातल्या कलावंतांचा नाही, जत्रेतल्या फडाचाही आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी स्पष्ट केले की आपल्या सादरीकरणाचे ध्वनिमुद्रण वा चित्रीकरण करण्याचा अधिकार कलावंताचा. आपले नाव लागावे आणि कला विद्रूप होऊ नये, हाही तिचा हक्क. खासगी वापराला, शिक्षणाला आणि संशोधनाला सूट आहे, विक्रीला नाही. एक सावधगिरी मात्र हवी. चित्रीकरणाला लेखी करार करून संमती दिली, की त्या चित्रफितीवर पुढे हरकत घेता येत नाही. व्यापारी वापराचे मानधन मागता येते. म्हणून वाचून घेतल्याशिवाय अंगठा नको, सही नको.

“फुकटात प्रसिद्धीच मिळते की,” असे काही जण म्हणतात. नावच नसेल तर प्रसिद्धी कुणाची? उलट पुढच्या वर्षी गावकरी म्हणतात, हिचे सगळे मोबाइलवर पाहिले, दुसरी आणा. आणि कॅमेऱ्याला रंगमंचाच्या पायरीवर अडवले नाही, तर तो कपडे बदलायच्या खोलीपर्यंत जातो. २०२३ साली एका प्रसिद्ध नर्तकीच्या बाबतीत तेच झाले. तेव्हा गुन्हा नोंदला गेला, महिला आयोगाने दखल घेतली. पण जिचे नाव कुणाला ठाऊक नाही, तिची दखल कोण घेणार?

आपल्यातल्याही काही जणी विचारतात, लावणीवालीची बाजू आपण का घ्यावी? विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, तरी २००२ साली त्या गेल्या तेव्हा हाती काही नव्हते. त्यांच्या नावाचा पुरस्कार आता सरकार देते. टाळ्या, शिट्ट्या आणि मरणोत्तर गौरव बाईला सहज मिळतो. हक्क मागितला की तिची अब्रू निघते. ही अब्रूची भाषा आपण बोलायची का?

आता आपल्या घरात पाहू. एका आठ मार्चला इंदापूर तालुक्यातल्या आमच्या मेळाव्यात एका मावशींनी दारुड्या नवऱ्यावर स्वतः रचलेल्या ओव्या म्हटल्या. सभा हसली, रडली. आमच्याच एका कार्यकर्तीने मोबाइलवर ते टिपले आणि कौतुकाने चार गटांवर पाठवले. तिसऱ्या दिवशी ते मावशींच्या मुलाच्या मोबाइलवर पोचले. त्यानंतर मावशी बैठकीला आल्या नाहीत. मी दोनदा घरी गेले. दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, “तुमच्यापुढं म्हणले व्हते, बाई. गावापुढं न्हाई.” चळवळीचे काम म्हणून आपण विचारले नाही. दुकानदाराने धंदा म्हणून विचारले नाही. मावशींच्या दृष्टीने काय फरक पडला?

विचारून काम करता येते, याचे उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या हजारो १९९० च्या दशकात ध्वनिमुद्रित झाल्या. २०१७ पासून ‘पारी’ हा ग्रामीण भारताचा संग्रह त्या प्रसिद्ध करतो, आणि ओवीबरोबर गाणारीचे नाव, गाव, तालुका देतो. जिला आयुष्यभर ‘अमक्याची बायको’ म्हटले, तिच्या आवाजाखाली तिचे नाव येते.

म्हणून आपल्या गटांनी हे ठरवावे. मेळाव्यात मुद्रण करण्याआधी विचारायचे आणि पाठवण्याआधी पुन्हा विचारायचे. नाव द्यायचे की लपवायचे, हे गाणारीने ठरवायचे. ती नको म्हणाली तर पुसून टाकायचे. पैसे आले तर तिचा वाटा तिला द्यायचा. आणि जत्रा कमिट्यांना हंगामाआधी लेखी कळवायचे की चित्रीकरणाची अट सुपारीच्या कागदावर वेगळी लिहा.

त्या दुकानातून ‘जत्रा स्पेशल’ आम्ही काढायला लावले. दुसऱ्या दुकानात ते असेलच. बाई हसून म्हणाल्या, “ताई, पुढच्या टायमाला आपणच काढू. माझ्या नावानं.” आम्ही त्याच तयारीला लागलो आहोत.