गुरूची कसोटी

कराटे वा ज्युदो शिकविणाऱ्याने स्वतः खऱ्या मारामारीत हात चालविलेला असावा काय? तसा आग्रह आम्हांस मान्य नाही. विख्यात अमेरिकन मुष्टियुद्ध-प्रशिक्षक कस डॅमाटो डोळ्याच्या दुखापतीमुळे व्यावसायिक सामन्यांत कधी उतरले नाहीत. तरी त्यांचा शिष्य फ्लॉइड पॅटरसन १९५६ साली हेवीवेट गटात जगज्जेता झाला. मात्र शिष्याला सरावात उलट ठोसा देणारा कुणीतरी समोर असावाच लागतो. आपल्याकडील पुष्कळ वर्गांत नेमके हेच नसते. हवेत हातवारे, रंगीत पट्टा आणि पालकांच्या टाळ्या! जिचे मनगट वर्गात कुणी घट्ट धरलेच नाही, ती मुलगी काळोख्या वाटेवर ते सोडवील कसे? पट्टा देणाऱ्या गुरुजींना पालकांनी हे फी भरण्यापूर्वीच विचारावे.