तालुक्याचा मध्यक काढा, आणि तो किती पक्का तेही छापा

प्रति,
मा. संचालक, अर्थ व सांख्यिकी संचालनालय, महाराष्ट्र शासन
मा. जिल्हाधिकारी, पुणे

विषय : शिरूर व दौंड तालुक्यांतील कुटुंबांचे मध्यक उत्पन्न, त्यातील संभाव्य चुकीसह, नियमित जाहीर करण्याबाबत.

महोदय,

रांजणगावच्या एमआयडीसीत मोटार तयार झाली, कुरकुंभला रसायनाचा टँकर भरला, की ती मूल्यवृद्धी पुणे जिल्ह्याच्या उत्पन्नात धरली जाते. नफा पुढे कुठे जातो, हे तो आकडा विचारत नाही. त्याला लोकसंख्येने भागले की निघणारे दरडोई उत्पन्न मलठणच्या जिरायतदाराच्या आणि कुरकुंभच्या कंत्राटी कामगाराच्याही नावावर चढते. जिल्हा सधन ठरतो आणि आमचे म्हणणे तिथेच संपते.

आम्हाला मध्यक हवा. तालुक्यातली सगळी घरे उत्पन्नाच्या क्रमाने लावली, तर बरोबर मधले घर किती मिळवते? वरच्या चार घरांची कमाई दुप्पट झाली तरी मधले घर जागचे हलत नाही. सरासरी मात्र लगेच फुगते.

घरोघर जाऊन विचारणे शिरूरला नवे नाही. हॅरॉल्ड मॅन आणि एन. व्ही. कानिटकर यांचा जातेगाव बुद्रुकचा अभ्यास 1921 मध्ये प्रसिद्ध झाला. घराघराचा जमाखर्च मांडून त्यांनी कुटुंबे वेगळी केली : शेतीवर भागणारी, बाहेरच्या कमाईची जोड मिळाली तर भागणारी, आणि तरीही न भागणारी. आज पीकविम्यासाठी सरकार महसूल मंडळापर्यंत पीककापणी प्रयोग करते. पिकाचा अंदाज मंडळाचा, मग माणसाच्या उत्पन्नाचा अंदाज जिल्ह्यावरच का थांबतो?

म्हणून पहिली मागणी. केंद्राने 2026 साठी देशव्यापी कुटुंब-उत्पन्न सर्वेक्षण जाहीर केले आहे, आणि 2025 पासून राष्ट्रीय नमुना पाहणीत जिल्हा हा मूळ स्तर धरला जातो. राज्याच्या वाट्याच्या नमुन्यात या दोन तालुक्यांसाठी जादा घरे घ्यावीत. 2011 च्या जनगणनेतच प्रत्येकाची लोकसंख्या पावणेचार लाखांवर होती; अमेरिकेत 65,000 लोकवस्तीच्या भागाचेही मध्यक कुटुंब-उत्पन्न दरवर्षी निघते आणि शेजारी चुकीची मर्यादा छापलेली असते.

ती मर्यादा ही आमची दुसरी मागणी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. चिठ्ठ्या टाकून 100 घरे निवडली आणि उत्पन्नाच्या क्रमाने लावली, तर तालुक्याचा खरा मध्यक 40 व्या आणि 61 व्या घराच्या उत्पन्नांच्या दरम्यान आहे, असे 95 टक्क्यांहून थोड्या अधिक खात्रीने सांगता येते. आधी गावे आणि मग त्यांतली घरे निवडली, तर हे अंतर सहसा आणखी वाढते, कारण एका गावातली घरे बरीचशी सारखी असतात. चूक निम्मी करायची तर घरे चौपट लागतात. खर्च आहे, हे आम्ही जाणतो. खर्च झेपत नसेल तर तीन वर्षांचे नमुने एकत्र करून आकडा द्या, पण एकटा आकडा देऊ नका.

समजा, एका पाहणीत महिन्याचा मध्यक 14,000 रुपये निघाला आणि पुढच्या पाहणीत 15,200. दोन्हींत चूक 1,500 रुपये अधिक-उणे. फरक 1,200 रुपयांचा, पण त्या फरकातली चूक सुमारे 2,100 ची. एवढ्यावर ‘उत्पन्न वाढले’ अशी जाहिरात कुणी करू नये, आणि ‘घटले नाही’ म्हणून मदतही नाकारू नये. शिवाय महागाई वजा केल्याशिवाय दोन वर्षांची तुलना होत नाही. काही घरे दोन्ही वेळा तीच ठेवली, तर बदलातली चूक बरीच कमी होते. निदान एक हिस्सा तसा ठेवावा.

प्रश्नावलीबद्दल आमचे खास म्हणणे आहे. उसाचे बिल हप्त्याहप्त्याने येते, दुधाचा पगार दहा दिवसांनी, कांद्याचे पैसे भाव मिळेल तसे. एकाच महिन्यात विचारून वर्षाचे उत्पन्न कळत नाही. कारखान्याच्या बिलातून खत, पाणी, मजुरी वजा करूनच उत्पन्न धरावे. एकत्र जेवणारे ते एक कुटुंब. दौंडच्या गुऱ्हाळांवरची परराज्यांतली कुटुंबे आणि फडाकडेच्या ऊसतोड कामगारांच्या कोप्या मतदारयादीत सापडत नाहीत. त्यांना वगळून काढलेला मध्यक आमचा नाही.

आणि भीती. प्राधान्य कुटुंबाच्या रेशनसाठी ग्रामीण उत्पन्नमर्यादा ठरली ती वर्षाला 44,000 रुपयांची. अशी मर्यादा डोक्यावर असताना खरे उत्पन्न कोण सांगेल? ही चूक नमुना मोठा करून जात नाही. सांख्यिकी संकलन अधिनियम, 2008 नुसार घेतलेली माहिती फक्त सांख्यिकीसाठी वापरली जाईल आणि तिच्यावरून कुणाचेही कार्ड रद्द होणार नाही, असे लेखी पत्र प्रगणकाने प्रत्येक घरात द्यावे.

गावे निवडताना आमची, सरपंचांची वा आमदारांची शिफारस घेऊ नये. निवड चिठ्ठीनेच व्हावी, मग त्यात आमच्या सभासदांचे एकही गाव आले नाही तरी चालेल.

आपले,
शिरूर व दौंड तालुक्यांतील शेतकरी-कामगार सभासद